काकांच्या बंदुकीचा पहिला बार

अब्बा, परवा पडदे धुवायला काढले आणि तुमचा गज हातात आला. तुमच्यामागे अम्मीने दुकानातली सगळी हत्यारं मोडीत काढली. भाता, ऐरण, सांडशा, काही म्हणून ठेवलं नाही. हा एक लोखंडी गज तेवढा मधल्या दाराचा पडदा अडकवायला राहिला आणि अम्मी गेल्यावर माझ्याबरोबर नगरला आला. त्याच्यावर तुम्ही कानशीने केलेली खूण अजून बोटाला लागते. उघड्या दारात मी तो धरून बसले, तर सून म्हणाली, "अम्मी, काय झालं?" म्हटलं, काही नाही, गंज बघतेय. दुसरं काय सांगणार? तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते इतकं जुनं आहे, की ऐकायला तुमच्याशिवाय माणूसच उरलं नाही.

काकांनी ती ठासणीची बंदूक पोत्यात गुंडाळून आणली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. काका मिरजगावच्या बाजाराला आले की आधी आपल्या दुकानाच्या फळीवर टेकणार आणि मग बाकीची कामं. तुमची त्यांची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीची. त्यांच्या आजोबांच्या वेळी दसऱ्याला त्यांच्या गावच्या शिवेवर या बंदुकीचा बार निघायचा. पुढे ती बिघडली आणि कणगीमागे पडून राहिली. तुम्ही नळी उजेडात धरली, तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर. "तुज्या आज्यानं ह्यात बिऱ्हाडं ठिवली हुती काय रं?" काका म्हणाले, "भाडं तुलाच देतो, पर यंदा वाजली पायजे." मग पुढचे कित्येक दिवस अम्मीच्या चुलीवर भाकरीच्या आधी तुमचं पाणी तापायचं. नळीत उकळतं पाणी ओतायचं, गजाला चिंधी बांधून घासायचं, काळं पाणी मोरीत. अम्मी म्हणायची, या घरात बंदुकीला गरम पाणी मिळतं, माणसाला नाही. तुम्ही हसून दुसरं भांडं पुढे करायचात. जुना दस्ता वाळवीने खाल्लेला, तो तुम्ही शिसवीचा नवा केलात. पण सगळा जीव तुम्ही ओतलात तो नळीच्या बुडाच्या पेचात. बार उडताना सगळा जोर त्या पेचावर येतो, तो सुटला तर बंदूक पुढे न उडता मागे उडते, हे तुम्ही मला तेव्हा समजावलंत.

तयार झाल्यावर तुम्ही ती घरामागच्या बाभळीच्या बेचक्यात करकचून बांधलीत. दारू मुद्दाम दुप्पट घातलीत, चापाला लांब सुतळी लावलीत आणि मला घेऊन भिंतीआड गेलात. कुणाचीही बंदूक असो, पहिला बार असाच काढायचा, हा तुमचा नेम. दुसरा नेम असा, की दुसऱ्याने भरलेली बंदूक आपण उडवायची नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने भरून ठेवलेली बंदूक मी नुसती उचलली, तर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारलात. मी दिवसभर रुसले आणि संध्याकाळी तुम्ही गुडीशेव घेऊन आलात. तर त्या दिवशी बार झाला, बाभळीतले पक्षी उडाले, आणि तुम्ही धावत जाऊन पेच बघितलात. केसभर हलला नव्हता. मला जवळ बोलावून तुम्ही म्हणालात, "उद्या कुणी विचारलं तर सांग, हा पेच पक्का आहे." तुम्हाला स्वतःचं कौतुक करताना मी एवढंच एकदा बघितलं.

इंग्रज गेले त्या वर्षीचा तो दसरा. हवा बदलली होती. बाजारात कालपर्यंत रामराम घालणारी माणसं आपल्या दुकानासमोर आली की दुसरीकडे बघायची. काकांचं तसं नव्हतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, तर त्यांनी मला आदल्या दिवशीच बैलगाडीतून त्यांच्या मुलींकडे नेलं. ओसरीवर कोयते, नांगराचे फाळ आणि मधोमध तुमची बंदूक, झेंडूची माळ घातलेली. मग काका म्हणाले, "आज्याचा बार हाय, घरच्या समद्यांचा हात लागू द्या." आणि घरातलं एकेक माणूस पुढे येऊन नळीत दारूची चिमूट टाकू लागलं, जशा अक्षता टाकाव्यात. काकी, त्यांच्या जावा, गडी, पोरंसोरं. अगदी धाकटीला कडेवर घेऊन तिच्याही मुठीतून सोडली. काकांनी वरून तांबड्या फडक्याचा बोळा ठासून बसवला. मला ते इतकं छान वाटलं होतं, अब्बा. सगळं घर हसत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही थेट शिवेवर आलात. गाव जमलेलं. मी काकांच्या मुलींबरोबर आपट्याच्या झाडाखाली उभी आहे, तिथून तुमचा शब्दन् शब्द ऐकू येतोय. काका बंदूक तुमच्या हातात देतात. तुम्ही सवयीने हा गज नळीत सोडता. नळी रिकामी असली की गज खुणेपर्यंत आत जायचा. तो हातभर वरच थांबतो.

"भरलीया?" तुम्ही विचारता.

"व्हय की. घरच्या समद्यांनी चिमूट चिमूट टाकलीया. पूजेची हाय."

तुम्ही गजाकडे बघता, मग नळीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्यांकडे. "जास्त झालीया रं. काढून पुन्यांदा भरतो."

मागून कुणीतरी बोललंच, "पूजेतलं ह्यो काढनार व्हय?" काकांनी त्याला गप केलं, पण त्यांचाही चेहरा पडला. तुम्ही खिशातून सुतळी काढलीत, तर पुन्हा कुजबुज, देवाच्या बंदुकीला दावं बांधतो म्हणून. काका हात पुढे करून म्हणाले, "आन हिकडं, मीच उडवतो."

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्या नीट केलीया. पैला बार माजा."

सुतळी तुम्ही परत खिशात ठेवलीत. सगळ्यांना मागे, लांब जायला लावलंत. काकांना तर दंडाला धरून नेलंत. मग एकटेच पुढे जाऊन ती खांद्याला लावलीत. पुढचं मी लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

नगरच्या दवाखान्यात तुम्ही काही दिवस होतात. पट्ट्यांमधून एक डोळा तेवढा दिसायचा. हवालदार विचारायला आला, काका पायथ्याशी उभे होते. तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, "चूक माझी आहे. पेच कच्चा राहिला." मी तोंड उघडलं, तर तुमचा तो डोळा माझ्यावर आला, आणि मी तोंड मिटलं. ते तुमचं शेवटचं रागावणं. तुम्ही गेलात आणि मागे राहिलं ते एवढंच, की मिरजगावच्या त्या कारागिराचा पेच कच्चा निघाला. अम्मीने ते खरं मानलं. इतका वेळ माझी चूल अडवून शेवटी हेच केलंत का, म्हणून ती हत्यारं विकताना तुम्हालाच बोलत होती. मी शेजारी उभी होते. माझं काळीज तेव्हा तुटलं ते अब्बा, आजतागायत सांधलेलं नाही.

काका फार म्हातारे झाल्यावर एकदा इथे आले. नातवाने हात धरून आणलं. दिसत नव्हतं त्यांना. चहा पिऊन झाल्यावर नातवाला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "पोरी, आता खरं सांग. पेच कच्चा हुता, का आमच्या चिमटींनी त्याला मारलं? इतकी वर्सं झोप न्हाई मला."

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. याच हातांनी तो तांबडा बोळा ठासला होता.

"कच्चाच होता, काका," मी म्हणाले.

त्यांनी चाचपडत हात पुढे केला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. मानूस हाय, चुकतो. म्या त्याला कवाच माफ केलंया."

त्यांनी तुम्हाला माफ केलं, अब्बा! त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि तुमचाही आला. ते गेले, पण चिमूट टाकणारी पोरं अजून आहेत. ती कडेवरची धाकटी दर ईदला माझ्याकडे शिरखुर्मा खायला येते. म्हणून हा कागद कुणाच्या हाती लागता कामा नये. भाकरी टाकायची वेळ झाली की चुलीत घालीन.

कुणी विचारलं तर सांग, म्हणाला होतात. एकाच माणसाने विचारलं, आणि त्याला मी उलटं सांगितलं. पेच पक्का होता, अब्बा. हे मी तोंडाने अजून एकदाही म्हटलेलं नाही.