चौघांची खोली

मुलुंड (पूर्व)
रविवार

प्रिय कल्पिता,

तुला आणि मुलांना आशीर्वाद, सुबोधरावांना नमस्कार. त्यांची पाठ आता कशी आहे? आम्ही सगळे ठीक. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. या दोन खोल्यांत बोललेलं सगळं आईला ऐकू येतं. (तिचे कान कमी झाले आहेत असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी एकदा आमच्याकडे बसून तपासावं.)

तर, आम्ही क्रूझला निघालो आहोत. मुंबईहून गोवा आणि परत, सोमवार ते गुरुवार. हा सगळा घाट आईसाठी. थोरली मावशी लग्नानंतर मालवणाहून मुंबईला बोटीने आली आणि आई एसटीने, हे तुला माहीत आहे. मावशी पन्नास वर्षं ती बोट सांगते आहे. आई दर वेळी ऐकून घेते आणि म्हणते, "माका एसटीत झोप बरी लागली." गणपतीत मी सगळ्यांदेखत बोलून गेलो की आईला एकदा मोठ्या बोटीत बसवणारच. आरतीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. (बोलायला खर्च नव्हता.)

मग घाटकोपरच्या रतनशेठकडे गेलो. तो सहलींचं बुकिंग करतो. खोल्या तीन प्रकारच्या: बाल्कनीची, खिडकीची आणि बिनखिडकीची. भाव ऐकत ऐकत मी बिनखिडकीच्या खोलीपर्यंत उतरलो. सुलक्षणा म्हणाली, "समुद्रावर जाऊन भिंत बघायची? ती आपल्याकडे आहे ना!" मी म्हटलं, डेकवरून समुद्र फुकट दिसतो. निधी म्हणाली, "मग बाबा, डेकवरच झोपूया की." तिला गप्प केलं, पण रतनशेठला विचारून पाहिलं. (चालत नाही.)

शनिवार-रविवारपेक्षा मधले वार स्वस्त, म्हणून ते घेतले. जेवण तिकिटातच. पैसे भरल्यावर लक्षात आलं की सोमवार सुलक्षणाच्या उपासाचा, मंगळवार आईच्या, गुरुवार माझ्या. म्हणजे आम्ही तिघांनी एकदम जेवून तिकीट वसूल करायला हातात एकटा बुधवार. रतनशेठला म्हटलं, न खाल्लेल्या जेवणाचं काहीतरी कमी करा. तो म्हणाला, "साहेब, उपास तुमचा, डिझेल त्यांचं." साबुदाण्याची खिचडी मिळेल का, एवढं विचारायला त्याने कुठेतरी फोन लावला आणि मध्येच मला विचारलं, "अंडं चालेल का?"

खरी अडचण पुढेच आहे. खोलीत खाटा चार आणि आम्ही पाच. पाचव्यासाठी दुसरी खोली घ्यायची तर बजेटची वाट लागते. आठवडाभर विचार केला. दोन्ही पोरांना मागे ठेवता येत नाही. सुलक्षणाला ठेवलं तर परत आल्यावर मला घरात घेणार कोण? आणि मी तर घरातला कर्ता. आईचे गुडघे दुखतात, बोटीवर जिने फार. (लिफ्ट आहे, पण लिफ्टचा काय भरवसा.) असा सर्व बाजूंनी तिच्या प्रकृतीचा विचार करून मी चार नावं देऊन आलो. सुलक्षणा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आईला अजून सांगायचं आहे. ती गेल्या महिन्यापासून बॅग भरते आहे.

तुझा,
निलेशदादा

ता. क. पुढच्या सोमवारपासून चार दिवस आईला नाशिकला बोलावून घे. एखादी पूजा काढ. आमंत्रण तुझ्याकडून आलं तर तिला वाईट वाटणार नाही.

ता. क. दुसरा. मावशीला यातलं अवाक्षर कळता कामा नये.

कल्पे, मी आई लिवतंय. निलेशान पाकीट चिकटवूक माझ्याकडे दिल्यान. पूजा काढू नको. मी, सुलक्षणा आणि दोन पोरां, चार खाटी भरल्यो. निलेशाक लहानपणी वर्सोव्याच्या तरीत मढाक पोचासर दोनदा ओकारी इली होती, त्याका कित्याक बोट? रतनाक फोन करून मी नावां बदलून घेतलंय. सोमवारी निलेशाक तुझ्याकडे धाडतंय. त्याकाच तेवढा सांगूचा रवला.