निबंध माझा, वाक्यं तुझी

आई,

पाच वाजता तुझी अकरावीची मुलं येतील. खुर्च्या मांडल्यात, फळा पुसलाय. कॉलेजच्या अर्जातला माझा निबंध मात्र मागू नकोस. 'मला काय आवडतं' यावर सकाळपासून चार कागद फाडले. काहीही लिहायला घेतलं की तुझंच वाक्य निघतं, वर्गात सगळ्यांना सांगतेस ते. पोहायलासुद्धा तू मला अर्जात शोभेल म्हणून घातलंस. आता ते मला आवडतं की नाही, हेच कळेनासं झालंय.

रागावले नाहीये. मावशीकडे जातेय, जेवूनच येईन.

काल तू म्हणालीस, "सरक, मी लिहून देते." तू छानच लिहिशील गं, आणि मी खाली सही करून मोकळी होईन. म्हणून कोरा अर्ज सोबत नेतेय.

चिऊ