अव्वा गाडीतून उतरेना

अव्वा, परवा नातीनं विचारलं, आपण या माळावर आलो कसे. मी म्हटलं, बैलगाडीनं आलो, पण तुझी पणजी उतरायलाच तयार नव्हती. ती हसली. मग मला एकटीला बराच वेळ तुझ्याशी बोलावंसं वाटत राहिलं, म्हणून हे पत्र.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. नव्या सरकारनं पडीक रान वाटायला काढलं आणि अप्पांनी आपल्या दुबलगुंडी गावच्या चावडीवर सगळ्यांच्या आधी हात वर केला. घरी येऊन म्हणाले, "नुसतं सोनं हाय." आपल्याकडे बैल नव्हते, म्हणून मामाची गाडी मागितली, हाकायला मामाच आला. जातं, नांगर, शेळी, अंथरुणं आणि सगळ्यांवर तू. पोचलो तर समोर धोंडे, पळस आणि वारा. अप्पांनी उडी मारली.

"उतर की."

"मी न्हाई उतरायली."

"कामून?"

"उतरले की हितलीच झाले. आधी पाणी दावा."

मला अजून दिसतं, तू गाडीत मांडी घालून भाकऱ्या थापायलीस आणि मी खाली तीन धोंड्यांच्या चुलीवर भाजायलेय. झुडपाआड जाण्यापुरती तू उतरायचीस, पण ते उतरणं धरायचं नाही, हा तुझाच कायदा. असे दिवस जायला लागले. मामाला गाडी परत न्यायची होती, पण थोरल्या बहिणीला खाली ओढायची त्याची छाती नव्हती. बैल नुसते उभे राहून कडबा खायलेत म्हणून अप्पांनी त्यांना नांगराला जुंपलं. असं तुझ्या हट्टापायी रान नांगरून निघायला लागलं. अप्पांनी राहायला गवताची खोपही उभी केली. वाऱ्यानं ती उचलली, आणि अप्पा तिच्यामागं धावले तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसलीस.

मग एका सकाळी घोड्यावरून रानं तपासायला महसुलाचा अंमलदार, गिरदावर आला. जो तिथं राहील आणि कसेल, रान त्याचंच, असं ठरलेलं. शेजारच्या गावातल्या एकाचा त्या रानावर डोळा होता. इथं कुणी राहतच नाही, असं त्यानं वर कळवलं होतं. गिरदावर घर शोधायला लागला. खोप नेमकी पुन्हा उडालेली. अप्पा ती धरून आणायला पळाले.

"यहाँ कौन रैता?"

तू पिठाच्या हातांनी थेट त्याच्या घोड्यापुढं.

"हमीच रैते साब, और कौन रैते? ह्ये घर. चाकं हायत म्हनून घर न्हाई व्हय? त्ये नांगरलेलं दिसायलंय का न्हाई? उतरा, भाकरी खावा."

तो उतरला. नांगरट बघितली, अंबाडीच्या भाजीबरोबर पोटभर जेवला आणि "जमीन तुम्हारीच है" म्हणून गेला.

अप्पा हळूच म्हणाले, "उतरलीस की गं."

तू पायांकडे बघितलंस. तोवर मामानं सामान खाली टाकून बैल जुंपले होते, आणि इतक्या घाईत पळाला की तुझी परात गाडीतच गेली. तू ओरडत त्याच्यामागं धावलीस, दमून परत आलीस, चुलीशी बसून रडलीस. अप्पा धोंडे वेचायला लागले. थोड्या वेळानं तूही वेचायला लागलीस. विहिरीला पाणी पुढच्या वर्षी लागलं, तेही मचूळ.

तुम्ही दोघं तर गेलात, हे पत्र कुठं टाकणार? तुला वाचता येत नव्हतं, आणि अप्पांनी वाचून दाखवलं असतं तर स्वतःला शूर करून घेतलं असतं. एक मात्र सांगते. मला हा माळ कधीच आवडला नाही. तरी मागच्या महिन्यात जमिनीला गिऱ्हाईक आलं, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.