कै. कर्नल, शाकाहारी

१ डिसेंबर २००३, सोमवार. संध्याकाळी ६.

पतसंस्थेने जानेवारीत वाटलेली डायरी अकरा महिने कोरी होती. आज उपयोगाला आली.

कर्नल गेला. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. वय बारा, म्हणजे कुत्र्याचं पूर्ण आयुष्य. मी अत्यंत खंबीर राहिलो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत, फाइल क्लोज कशी करायची ते मला कळतं. बायको कोसळेल अशी भीती होती. पण गंगव्वाने उलट मलाच धरून खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. शॉक! काही बायकांचं दुःख असं उलटं बाहेर येतं.

परसात पेरूखाली जागा केली. कोपऱ्यावरचा मटणवाला आकाराम न बोलावता कुदळ घेऊन आला. खड्डा त्याने खणला, मी मार्गदर्शन केलं. माती लोटल्यावर हा गडी पायरीवर बसून हमसून हमसून रडला. याचं काय गेलं? आमचं घर लिंगायत. कांदा-लसणीपलीकडे पातेल्यात काही गेलेलं नाही. वीस वर्षं मी याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडतो, तेवढीच काय ती ओळख. काही लोकांना दुसऱ्याच्या दुःखात घुसायची हौस असते.

रडायचं नाही असं ठरवलं आहे. उद्यापासून मॉर्निंग वॉक पूर्ववत.

२ डिसेंबर. सकाळी ६.२५.

६.१० ला रंकाळा तलावाकडे निघालो. हातात साखळी. नुसतीच. सवय, दुसरं काही नाही. पहिल्याच वळणावर दूधकट्ट्यावर दूध विकणाऱ्या शालूबाईने विचारलं, आज एकटंच? परत आलो. गुडघा दुखत होता.

३ डिसेंबर, बुधवार.

आज कर्नलचा उपासाचा दिवस. बुधवार, शुक्रवार, रविवार हा कुत्रा घरच्या दूधभाकरीला तोंड लावत नसे. कोणी शिकवलं नव्हतं. आणि साडेदहाला मी पूजेला बसलो की आपण होऊन बाहेर निघून जायचा. व्यत्यय नको म्हणून! अकराला परत. चेहऱ्यावर अशी तृप्ती की मठात जाऊन आल्यासारखी.

जन्मभरात मांसाचा कण नाही. अंडंसुद्धा नाही. तरी बारा वर्षं दणदणीत तब्येत. हे समाजापुढे आलंच पाहिजे. ‘शाकाहारी श्वान : एक अनुभव’ असा लेख लिहायला घेतला. पहिला पॅरा गंगव्वाला वाचून दाखवला. तिला ठसका लागला. पदर तोंडाला लावून आत गेली, बराच वेळ खांदे हलत होते. बिचारी.

५ डिसेंबर.

ठरलं. रविवारी, १४ तारखेला, तालमीच्या हॉलमध्ये जाहीर शोकसभा. माझं भाषण. मागे कर्नलचा आणि माझा मोठा फोटो, तो माझ्याकडे भक्तिभावाने बघतो आहे असा.

फोटोवाल्या जोतीरामला बारा वर्षांचे सगळे अल्बम दिले. त्याने दोन तास घेतले आणि म्हणाला, ‘सायब, तुमच्याकडं बगतंय असा एकबी फोटू न्हाय की. ह्यात वैनींकडं बगतंय, ह्यात दाराकडं. ह्यात तर नुसती शेपूट हाय.’

कलाकार म्हणून सामान्य आहे. कर्नलची नजर नेहमी दूरवर असायची, मिलिटरी रक्त. शेवटी दोन फोटो कापून जोडायला सांगितले.

८ डिसेंबर.

गंगव्वा अजून एक भाकरी जास्त थापते. तिला आठवण करून देऊन रडवायचं कशाला? अन्न वाया जाऊ नये म्हणून ती भाकरी दुधात कुस्करून मीच खाल्ली. मागच्या पायरीवर बसून. स्वच्छ हवा असते तिथे.

११ डिसेंबर.

हँडबिलं वाटली. खात्यातले जुने सहकारी पन्नास तरी येतील, समाजातले चाळीस, गल्ली वेगळी. शंभर खुर्च्या सांगितल्या. गंगव्वा म्हणाली, ‘अवो, भाषणात त्ये खाण्याचं नगा काढू. प्रेमाचं बोला की.’ तिला विषयाचं गांभीर्य कळत नाही. खाण्यावरच तर सगळी थिअरी उभी आहे.

१३ डिसेंबर.

आरशापुढे भाषणाची रिहर्सल. बावीस मिनिटांचं आहे. तिसऱ्या वाक्यात ‘माझा कर्नल’ येतं, तिथे घसा बसतो. हवामान. ते वाक्य काढून टाकलं. पुढे चौदा ठिकाणी आहे. सगळीकडे ‘सदर श्वान’ केलं.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७.३०.

झाली सभा. जसं झालं तसं लिहितो.

खात्यातलं कोणी आलं नाही. समाजातले दोघे आले, तेही आहारावर व्याख्यान आहे असं समजून. बाकी सगळी गल्ली. आकाराम पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. शालूबाई त्याच्या शेजारी. एकूण एकतीस माणसं, शंभर खुर्च्या.

मी सुरुवात दमदार केली. सदर श्वानाने आयुष्यात मांसाला तोंड लावलं नाही, असं म्हटलं आणि कोणीतरी फिसकन हसलं. मी थांबलो. मग सगळा हॉल हसायला लागला. व्याख्यानाला आलेले दोघे सोडून.

आकाराम उठला. हात जोडून म्हणाला, ‘सायब, माफी असावी. मेलेल्या जीवाबद्दल खोटं ऐकवंना. बुधवारी, शुक्रवारी आनि आयतवारी साडेदाला पावणं माझ्या दुकानात हजर. पावणंच म्हणायचो आमी त्येला. गिऱ्हाईक किती बी असू दे, रांगंत बसायचं. कुनाच्या पिशवीला कदी तोंड लावलं न्हाय. उरलंसुरलं ठेवलं की खायचं आनि सरळ घराकडं.’

मी म्हणालो, तुझी काहीतरी चूक होते आहे, तो दुसरा कुत्रा असेल.

‘कपाळाला इबुत लावून मटन खानारं कुत्रं कोल्हापुरात एकच हुतं की, सायब.’

त्याला विभूती मीच लावत असे. रोज.

मग शालूबाई उठली. ती त्याला बाळू म्हणायची म्हणे. ‘सकाळी तुमी त्येला फिरवायला न्यायचा असं तुमास्नी वाटायचं. त्ये तुमाला वडत माझ्या कट्ट्यावर आनायचं. मी साय घालूस्तवर तुमी पेपर वाचत हुबं ऱ्हायचासा.’

पुढे जो तो बोलायला लागला. कोणाकडे तो मोत्या होता, कोणाकडे नुसताच राजा. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. फारच छान सभा झाली. माझं भाषण तेवढं राहिलं.

मी गंगव्वाकडे बघितलं. ती खाली बघत होती.

१५ डिसेंबर.

गंगव्वाशी कायमचा अबोला. सकाळी ७ पासून.

७.४० ला चहा मागावा लागला. मग विचारलंच, तुला माहीत होतं?

‘व्हय.’

कधीपासून?

‘पयल्यापास्नं. मीच सांगिटलं हुतं आकारामभावजींना.’

चहा तसाच राहिला. तीच बोलत होती. ‘पिल्लू असताना त्ये उभं ऱ्हायना झालतं, आठवतंय का? डाक्टर म्हणलं, ह्येला जरा मटण घाला, न्हायतर ह्ये म्हैना काडत न्हाय. तुमी म्हणलासा, माझ्या घरात चालणार न्हाय. म्हणून घराभाईर घातलं. मग काय करू? मरू देऊ?’

मला तो डॉक्टर आठवतो. मी त्याला अर्धवट म्हणालो होतो. म्हणालो होतो, बघाच, माझा कुत्रा दूधभाकरीवर कसा वाढतो ते.

वाढला.

लेखाचे कागद बंबात घातले. पाणी चांगलं तापलं.

१६ डिसेंबर.

विचार केला. चूक आकारामची आहे. दुसऱ्याच्या कुत्र्याला मालकाच्या परवानगीशिवाय खायला घालणं म्हणजे काय? बायकोने सांगितलं म्हणून काय झालं? उद्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, सडेतोड जाब विचारणार. मुद्दे काढले आहेत. सात.

१७ डिसेंबर, बुधवार. दुपारी २.

साडेदहाला पूजा आटोपती घेतली आणि गेलो. दुकानात गर्दी होती. मी नाकाला रुमाल लावून बाहेर उभा राहिलो. आकारामने बघितलं, हातातली सुरी ठेवली, हात धुतले आणि आतलं स्टूल आणून बाहेर ठेवलं. म्हणाला, ‘बसा, सायब.’ पहिला मुद्दा उभं राहून मांडायचा होता. पण गुडघा खरोखरच दुखत होता. बसलो.

तो कुत्र्याबद्दल बोलत राहिला. मटण तोलत होता आणि बोलत होता. कर्नलला काळीज आवडायचं नाही. टाकलं तर वास घेऊन सरकवायचा. फटाक्यांना भ्यायचा, दिवाळीत चार दिवस याच्या लाकडी ओंडक्यामागे लपून बसायचा. मी लेखात लिहिलं होतं की दिवाळीत तो गस्त घालायला जातो. शेवटच्या आठवड्यात कर्नलला चालवेना, तेव्हा आकाराम मी आंघोळीला गेलो की मागच्या दाराने येऊन खिमा भरवून जायचा. गंगव्वा दाराशी उभी राहायची, मी आलो तर सांगायला.

‘लई गुणाचं,’ तो म्हणाला. ‘पर अकरा वाजलं की थांबायचं न्हाय. ताटात असलं तरी टाकून पळायचं. तुमची पूजा सुटायची येळ.’

मला सात मुद्द्यांतला एकही आठवेना. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचं मटण बांधून दिलं.

मग त्याने विचारलं, ‘घरात करमतंय का, सायब?’

‘न्हाय,’ मी म्हटलं.