चेहरा साफ होईपर्यंत

३ तारीख, सकाळ
आजपासून होमिओपॅथी. मलमं बंद, आरसा बंद. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुरुमं आधी वाढतील, मग जातील. गोळ्यांना हात लावायचा नाही, झाकणातून थेट जिभेवर. कॉफी, कच्चा कांदा वर्ज्य. तीन महिने. निघताना एक फॉर्म दिला: चेहऱ्यामुळे लाज वाटते का, लोकांना भेटणं टाळता का वगैरे. सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण केली. चोवीस वर्षांचा घोडा मुरुमांना लाजतो, असं काय लिहून द्यायचं?

११ तारीख
हनुवटीवर तीन नवी. उत्तम! औषध लागू पडतंय. ताई म्हणाली, तोंडाची पार चाळण झालीय रे. तिला त्यातलं काही कळत नाही.

१९ तारीख
दुसऱ्या शाखेतल्या डिस्पॅचवालीचा फोन. रोजच असतो, साडेदहाला. आधी चलनांचे नंबर, मग गप्पा. वर्ष झालं, अजून एकमेकांना पाहिलेलं नाही. आज म्हणाली, शनिवारी कॉफीला भेटू या. म्हटलं, कॉफी वर्ज्य आहे. म्हणाली, मग चहा घ्या. म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगतो.
टाळलं नाही. पुढे ढकललं. चेहरा साफ झाला की मीच बोलावणार. मला ती आवडते. खूप.

२ तारीख
नाकाच्या शेंड्यावर एक. मोठं. क्लिनिकमध्ये पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा 'अजिबात नाही'. बाई म्हणाल्या, इतका आनंदी पेशंट पाहिला नाही.

९ तारीख
कारण सापडलं! टूथपेस्ट पुदिन्याची होती. औषध मारलं जात होतं. तीन महिने आजपासून धरायचे. साडेदहाच्या फोनवर तिने पुन्हा भेटायचं विचारलं. ऑडिट चालू आहे म्हटलं. म्हणाली, ऑडिट दोन्ही शाखांचं एकदमच असतं ना? लाईन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

१७ तारीख, दुपारी ४
घात! ती न सांगता आमच्या शाखेत आली, शिपायाने वर्दी दिली. मी तडक रेकॉर्ड रूममध्ये. पाच मिनिटांत तीही तिथेच. साहेबांनी पाठवलं असणार, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी फाईल तोंडासमोर धरली. तिने माझं नाव घेऊन विचारलं, आहेत का. मी अगदी स्पष्ट सांगितलं, ते आज रजेवर आहेत. प्रसंगावधान म्हणतात ते हे! ती दारापर्यंत गेली, परत वळली. मग म्हणाली, बरं, आले की सांगा, येऊन गेले. वाचलो.

१७ तारीख, ५.२०
वाचलो कसला. वर्षभर ती माझा आवाजच तर ऐकतेय. अरे देवा.

१८ तारीख
साडेदहाला फोन नाही. अकराला मीच केला. दुसऱ्याच बाईंनी उचलला. म्हणाल्या, त्या आज रजेवर आहेत. त्यांच्या मागेच ती कोणाला तरी चलनाचा नंबर सांगत होती, स्वच्छ ऐकू येत होतं. मी म्हटलं, आल्या की सांगाल का. बाईंनी विचारलं, काय सांगू?
त्या हॅलो हॅलो करत राहिल्या.