पहिल्याच झटक्यात सुरू

सूनबाई,

होडी घेऊन दीपगृहापर्यंत जाऊन येतो. भाजी चिरून ठेवली आहे, गोळ्याही घेतल्या आहेत, तेव्हा धक्क्यावर येऊन आरडाओरडा करू नकोस.

पायाच्या ऑपरेशनमुळे होडी तीन महिने नुसती बांधून होती. बॅटऱ्या मेल्या असणार, असं धरूनच सकाळी चावी फिरवली, तर पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू! बॅटऱ्या चार्ज राहाव्यात म्हणून तू होडीच्या टपावर बसवलेल्या त्या ताटाएवढ्या सोलर पॅनलची मी काय कमी टिंगल केली होती? आज पाहिलं तर त्यावर पक्ष्यांची शीटसुद्धा नव्हती. म्हणजे तू जाऊन पुसत होतीस.

एक सांगायचं राहिलंय. मी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी पॅनलची वायर सुटलेली सापडली, तेव्हा मी उंदरावर ढकललं. उंदीर स्क्रू सोडवत नाहीत, हे तुला तेव्हाच कळलं असणार. तरी तू मुकाट्याने वायर पाइपातून ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "आता उंदरांची भीती नाही, बाबा."

पोरी, होडीबरोबर माझी लाजही राखलीस. जेवायच्या वेळेपर्यंत येतोच.

तुझा,
घरातला उंदीर