सोनेरी बिल्ला परत घेण्याबाबत

विषय : काळी छत्री, लाकडी मुठीची.

विषय : फळीवर उभे राहिलेले दोन व्याही.

विषय : जिताडा.

विषय : गडब नाक्यावरची रिकामी रांग.

विषय : चिखल.

(आपल्या कार्यालयातील लेखनिक ऋतुजाताई यांनी सांगितले की विषय एकच हवा आणि तो एका ओळीत मावायला हवा. वरचे पाचही रद्द समजावेत. दुसरा कोरा कागद नसल्याने अर्ज याच कागदावर पुढे लिहीत आहे.)

प्रति,
मा. खाडी वाहतूक निरीक्षक साहेब,
पेण व रोहा विभाग,
मुक्काम पेण (सोमवार व गुरुवार मुक्काम रोहा)

अर्जदार : जगन केरू मोकल, राहणार खारसाकव, खाडीपलीकडे.

विषय : दिनांक ११ नोव्हेंबर १९९७ रोजी दुपारची लाँच गाळात रुतल्याचा दाखला मिळणेबाबत व माझा सोनेरी बिल्ला काढून घेऊन मला साधा प्रवासी करणेबाबत.

संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज. एक पेणला दिला तेव्हा आपण रोह्याला होता. दुसरा रोह्याला नेऊन दिला तेव्हा आपण पेणला होता.

महोदय,

१. मी डोलवी येथील पोलादाच्या कंपनीत कंत्राटी कामगार आहे. यातला ‘आहे’ हा शब्द या महिनाअखेरपर्यंतच खरा आहे. आमच्या कंत्राटदाराचा नियम असा की शिफ्टला तिसऱ्यांदा उशीर झाला की नाव कमी. माझा तिसरा उशीर वरील तारखेला झाला. मुकादम रमेश यांनी फाटकावर मला सांगितले ते शब्दशः असे : “लाँच रुतली, लाँच रुतली, रोज कोण ना कोण हेच सांगतो. साहेबाच्या सहीचा कागद आण. महिना संपायच्या आत आणलास तर तू आमचा, नायतर तुझी जागा भरली.” म्हणून दाखला हवा आहे. दाखल्यात फक्त “लाँच रुतली” एवढे दोन शब्द असले तरी चालेल. का रुतली ते लिहिण्याची गरज नाही. ते मी या अर्जात लिहितो, म्हणजे आपणास लिहावे लागणार नाही.

२. खारसाकवहून डोलवीस जायला लाँचशिवाय सोय नाही. लाँच दिनानाथशेठ यांच्या ठेक्याची आहे. गेल्या वर्षी त्यांच्या मुंबईच्या मेहुण्याने त्यांना सांगितले की परदेशी मोठ्या आगबोटींवर जुन्या गिऱ्हाइकांचा मान ठेवतात. ते आधी चढतात, सावलीत बसतात, त्यांची विचारपूस होते. शेठना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी पेणहून तीन रंगांचे बिल्ले करून आणले. थोड्या वर्षांच्या प्रवाशाला तांबडा, जास्त वर्षांच्या प्रवाशाला रुपेरी आणि लहानपणापासून येजा करणाऱ्याला सोनेरी. सोनेरीवाल्यांना त्यांनी मानकरी म्हटले. मानकऱ्याने आधी चढायचे, पुढे ताडपत्रीच्या सावलीत बसायचे, आणि मानकरी बांधावरून येताना दिसला तर लाँचने त्याच्यासाठी थांबायचे. मला सोनेरी मिळाला. तो मी शर्टाला लावून घरी गेलो आणि बायकोला दाखवला, हेही नमूद करतो. राणी म्हणाली, “पालखीला मान नाय, होळीला मान नाय, आता लाँचीत तरी मिळाला गो बाई.” ती थट्टा करीत होती, पण मला बरे वाटले होते.

३. पुढे शेठच्या मुलीचा साखरपुडा झाला. वरसे येथील व्याही हिरामण भोईर यांना पानसुपारीच्या ताटात सोनेरी बिल्ला ठेवून देण्यात आला. हिरामण भोईर तोवर लाँचमध्ये आयुष्यात एकदाच बसले होते, ते साखरपुड्याला येताना. पण व्याह्याला रुपेरी कसा देणार? ते पाहून ज्याच्या घरी सोयरीक ठरली त्याने व्याह्यासाठी सोनेरी मागितला. ज्याच्या घरी सोयरीक ठरली नव्हती त्याने आधीच्या सोयऱ्यांसाठी मागितला. एकाच्या व्याह्याला दिला आणि दुसऱ्याच्या व्याह्याला दिला नाही तर भाऊबंदकी उभी राहते, हे शेठना कळत होते. त्यांनी सगळ्यांना दिले. तांबडे व रुपेरी बिल्ले आता कोणी घेत नाही. ते घेणे म्हणजे अपमान समजला जातो. त्यामुळे मानकऱ्यांची रांग धक्क्यावरून बांधापर्यंत जाते आणि साध्यांची रांग म्हणजे आदिवासी वाडीवरची चिमा, तिचा नवरा शिवा आणि त्यांच्या मोळ्या.

४. हे लोण धक्क्यापुरते राहिले असते तर मी अर्ज केला नसता. गडब नाक्यावर चहाच्या टपरीवाल्यानेही लाँचच्या मानकऱ्यांसाठी वेगळी रांग केली आहे, कारण आमचे लोक तिथे बिल्ला लावून उभे राहू लागले. त्या रांगेत माणूस ताटकळतो. शेजारची साधी रांग रिकामी असते, तिथे ट्रकवाले येतात, चहा घेतात, जातात. मी एकदा बिल्ला खिशात घालून साध्या रांगेत गेलो. टपरीवाला मोठ्याने म्हणाला, “जगनदादा, तुमी इकडं कशाला? तुमी मानकरी, तुमी तिकडं.” सगळे वळून बघू लागले. मी तिकडे गेलो. चहा मिळाला नाही, कारण एसटी आली. ती एसटी रोह्याला जात होती आणि मी आपल्याकडे दुसरा अर्ज घेऊन निघालो होतो.

५. आता ११ तारखेबद्दल. यापुढचे आपणासच सांगणे बरे दिसत नाही. तरी लिहितो, कारण आपण तेथे होता.

दुपारी लाँच सुटण्याच्या वेळी भरती सरली होती आणि पाणी उतरू लागले होते. तांडेल मोरू यांनी इंजिन सुरू केले होते. निघता आले नाही, कारण आपण तपासणीस आला होता, आपल्यालाही सोनेरी बिल्ला आहे, आणि आपण दिनानाथशेठ यांच्याकडे जेवत होता. जिताड्याचे कालवण होते असे ऐकतो. जिताडा घाईने खाता येत नाही हे मला मान्य आहे. आमच्या खाडीचा जिताडा साहेबांना वाढल्याशिवाय गावाचे एकही काम झाल्याचे मला आठवत नाही, आणि वाढल्यावर झाल्याचेही फारसे आठवत नाही. हे वाक्य वगळून वाचावे.

आपण आलात. आपल्याबरोबर शेठ आले आणि वरसे येथील व्याही हिरामण भोईर आले. धक्क्यावरून लाँचीत जायला एकच फळी आहे. शेठनी व्याह्यांना सांगितले, “आधी तुमी चढा व्याहीबुवा, आमी मुलीवाले.” व्याही म्हणाले, “नाय नाय, गाव तुमचा, लाँच तुमची. तुमी चढल्याबिगर आमचा पाय उठाचा नाय.” शेठ म्हणाले, “मंग लोक आमाला काय म्हनतील?” व्याही म्हणाले, “आनि आमाला काय म्हनतील?” दोघेही फळीवर होते आणि दोघेही मागे सरकत होते. त्यांच्यामागे सगळे मानकरी थांबले, कारण थोरांच्या आधी चढायचे नसते. दोघांनी आपल्याला पुढे होण्याची विनंती केली. आपण “आधी वडीलधारे” असे म्हणून मागे सरकलात. हे आपले मोठेपण. त्या वेळी पाणीही मागे सरकत होते. मोरू तांडेल ओरडले, “पानी चाललाय! मान काय चिखलान ठेवाचाय?” शेठनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते परत इंजिनाकडे वळले. शेवटी दोन्ही व्याही एकमेकांचा हात धरून एकाच वेळी चढले आणि फळी मोडता मोडता राहिली.

६. साहेब, लाँच गाळात रुतते ती तळाला पाणी कमी पडल्याने, हे शाळेतले मूलही सांगेल. त्या दिवशी पाणी कमी होते हे खरे. तरी लाँच पार गेली असती. ती गेली नाही, कारण आम्ही सगळे मानकरी पुढे ताडपत्रीखाली होतो. बाकांवर जागा नव्हती म्हणून बहुतेक उभे होते, घामाने भिजलेले, एकमेकांच्या खांद्याला खांदे लावून. मागचा भाग मोकळा होता. तिथे चिमा आणि शिवा पाय पसरून मोळ्यांना टेकून बसले होते. लाँच खाडीच्या मध्यावर आली आणि तिचे नाक गाळात घुसले.

मोरू तांडेलांनी हात जोडून सांगितले, “निम्मी मानसा मागं या, नाक वर येईल, आता सुटंल.” कोणीही हलले नाही. मागे साधे बसतात. मानकरी मागे गेला तर उद्या त्याच्या मुलीच्या सासरी काय सांगायचे, हा प्रत्येकाच्या तोंडावरचा प्रश्न मी वाचू शकत होतो, कारण आम्ही इतके जवळ उभे होतो. प्रत्येक जण शेजाऱ्याला म्हणत होता, “तू जा.” हिरामण भोईर म्हणाले, “आमी पाहुने. आमी मागं बसलो तर दिनानाथशेठचा अपमान.” शेठ म्हणाले, “बरोबर.” तोवर पाणी इतके उतरले की मागे जाऊनही उपयोग उरला नाही.

मी मागे का गेलो नाही, असे आपण विचाराल. ताडपत्री आपल्या खुर्चीपर्यंत पुरत नव्हती. शेठनी स्वतःची काळी छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “जगन, साहेबांवर धर.” मी धरली. आपण बसल्या जागी झोपलात. जेवणानंतर झोप येते, त्यात गैर काही नाही.

७. बिल्ला नसलेले दोघे उतरले. गाळ कमरेपर्यंत होता. मोळ्या डोक्यावर घेऊन ते चालत किनाऱ्याकडे निघाले, कारण लाँच त्यांच्यासाठी कधीच थांबलेली नाही आणि आजही थांबेल असे त्यांना वाटले नाही. चिमाने वळून मला हाक मारली, “ये रं जगनदादा, उतर! शिफ्ट जाईल!” मी छत्रीकडे बोट दाखवले. ती म्हणाली, “छत्रीला देत्यात का शिफ्ट कंपनीत?” सगळे मानकरी हसले. मीही हसलो. छत्री हलली, ऊन आपल्या तोंडावर आले, आपण डोळे न उघडता “हं” म्हणालात आणि मी छत्री परत सरळ केली.

त्या वेळी किनारा इतका जवळ होता की कंपनीच्या फाटकावर जमलेली माणसे दिसत होती. भोंगा ऐकू आला. नंतर फाटक रिकामे झाले. संध्याकाळी भरती आली तेव्हा लाँच आपोआप उचलली गेली. आपण जागे झालात आणि मला म्हणालात, “अरे, पोचलो का?” मी “हो साहेब” म्हणालो. मला आपल्याशी त्या दिवशी एवढेच बोलता आले. बाकीचे या अर्जात आहे.

८. मला कळते की दाखला देताना आपणास अडचण आहे. लाँच रुतली असे आपण लिहिले तर वरिष्ठ विचारतील, आपणास कसे कळले. आपण तेथे होता असे लिहिले तर विचारतील, मग आपण काय केले. म्हणून मी दोन दिवस विचार करून तीन मार्ग काढले आहेत. (अ) आपण लिहावे की लाँच रुतल्याचे आपणास विश्वसनीयरीत्या समजले. (आ) आपण लिहावे की जगन मोकल हा सरकारी कामात होता. छत्री धरणे हे सरकारी काम धरता येईल काय, हे मला माहीत नाही, पण ती सरकारी माणसावर धरली होती. (इ) वरील दोन्ही शक्य नसल्यास आपण कंपनीच्या फाटकावर येऊन मुकादम रमेश यांना माझ्याकडे बोट दाखवून फक्त मान हलवावी. रमेश यांचे व्याही खारसाकवचे आहेत. त्यांच्याकडेही सोनेरी बिल्ला आहे. आपली मान ते मानतील.

९. बिल्ल्याबाबत. तो मी शेठना परत देऊ केला. शेठ दुखावले. म्हणाले, “म्हंजे आमचा मान तुला नको?” मी म्हणालो मला शिफ्ट हवी. ते म्हणाले, “शिफ्ट काय, आज हाय उद्या नाय. मान जल्मभर.” आपल्या कार्यालयात मी चौकशी केली तेव्हा ऋतुजाताईंनी सांगितले की बिल्ला देण्याची नोंद इथे नाही, म्हणून काढून घेण्याचीही तरतूद नाही. मी तो गुपचूप खाडीत टाकणार होतो, पण गावात कोणीतरी पाहील आणि माझ्या धाकट्या बहिणीची, मृणालीची, सोयरीक अडेल. म्हणून आपण आदेशाने काढून घ्यावा. आदेश असला की माझा मान जाणार नाही, फक्त बिल्ला जाईल. उद्यापासून मी मागे, मोकळ्या जागेत, मोळ्यांच्या शेजारी बसेन आणि लाँच रुतली की उतरून चालेन.

१०. हा अर्ज देण्यासाठी आज आपल्या कार्यालयात आलो तेव्हा बाहेरच्या बाकावर आमच्याच गावचे सात मानकरी बसले होते. शिपायाने त्यांना आधी आत सोडण्याचे ठरवले आहे. मलाही त्यांच्यातच बसवले आहे. हे मी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत आहे. समोरचा बाक रिकामा आहे. तिथे बसलेली म्हातारी आत्ताच आत जाऊन, सही घेऊन बाहेर आली.

महिना संपायला थोडे दिवस उरले आहेत. कृपा करून दोन शब्द लिहावेत.

आपला नम्र आणि यापुढे बिल्ला लावू न इच्छिणारा,

जगन केरू मोकल
खारसाकव
दि. २५ नोव्हेंबर १९९७, पेण

(परिच्छेद २ च्या आधी लिहायचे राहिले, ते इथे वाचावे : कंपनीतल्या माझ्या पहिल्या दिवशी, जेव्हा कोणाकडेच बिल्ला नव्हता, लाँच भरतीबरोबर सुटली आणि मी फाटक उघडण्याआधी पोचलो होतो. वॉचमन तेव्हा दात घासत होता.)